मोरणी थांबते तिथे

मोरणी घोडी नाल्याच्या उतारावर थांबली, तसा रुखमाबाईने पदर डोक्यावर घेतला. नवऱ्यासमोर बोडक्या डोक्याने कशी उभी राहणार?

देवराव इथेच गेला. बोरी अरब गावची वरात उरकून येताना घोडी घसरली, मागच्या पायांवर बदकन बसली आणि तो दगडावर आपटला. तेव्हापासून मोरणी इथे आली की कान पाडून अंग चोरायची. मुक्या जनावराला मेलेलं माणूस दिसतं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पुढे बोंडअळीने कापूस खाल्ला, लग्नं नुसत्या हारांवर उरकू लागली, वरातीच्या घोडीला कोण विचारतो? तरी रुखमाबाईने ती विकली नाही. रोज संध्याकाळी तिला इथे आणायची आणि दिवसभराचं सगळं नवऱ्याला सांगायची. वेडी म्हणा हवं तर, पण बाई तेवढ्यावर जगत होती.

मोरणी नाल ठोकायला मागचा पाय उचलू देईना, म्हणून आज धाकटा दीर फुलचंद जनावरांच्या डॉक्टरला घेऊन आला होता. डॉक्टर पायलने पुठ्ठ्यावर, कणा कमरेच्या हाडाला मिळतो तिथे, बोटं दाबली. घोडी पाठ खाली घालून थरथरली.

"काकू, तिला कोणी दिसत नाही. पडली तेव्हा हा सांधा दुखावला. उतारावर त्याच्यावर भार येतो."

पायलने घोडीला पलीकडच्या पांदणवाटेच्या उतारावर नेलं. तिथे कोणीच मेलं नव्हतं. मोरणी तिथेही तशीच थांबली.

रुखमाबाईने विचारलं, "बरी झाल्यावर थांबणार नाही काय मंग?"

"नाही थांबणार."

रुखमाबाई घोडीच्या एका बाजूने बसलेल्या पुठ्ठ्यावर हात फिरवत राहिली. नवऱ्याच्या भेटीपायी आपण या मुक्या जिवाला रोज इथे छळलं. तिला रडू आवरेना. पण दवा केली तर ते पुन्हा मरणार होते.

"करा दवा," ती म्हणाली.

दिवाळीनंतर मोरणी नाल्याचा उतार टापा वाजवत उतरून गेली. फुलचंद खुशीत तिच्यामागे धावला. खाली पोचल्यावर त्याने वळून पाहिलं. रुखमाबाई अर्ध्या उतारावरच उभी होती.

"वहिनी, काहून थांबल्या?"

"ज्याले दुखते त्यालेच थांबा लागते, भाऊजी."