डोमाजी डाव्या कानात

"कानाले डबे लावून कोणी भजन आयकते का? म्हाताऱ्याचं डोकं उठन, पाह्यजो," असं शेजारच्या शकुबाई म्हणाल्या होत्या. "होईल हो सवय," म्हणत मी ते हसण्यावारी नेलं आणि हेडफोन आणायला लावला.

सवय झाली नाही. आज दुपारी मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तो कानावरून ओढून टेपरेकॉर्डरवर ठेवला आणि जाहीर केलं, "मी उद्या सेलूले जातो. तिथं मोठ्यानं आयकलं तं कोणी उठत नाई."

सेलूच्या घरात दुसरं माणूस नाही. मागच्या उन्हाळ्यात ते तिथे चक्कर येऊन पडले, ते दूधवाला आला तेव्हा कळलं. आणि इथे नालवाडीत आमच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत झोळीत त्यांची नात, चमचा पडला तरी दचकून उठणारी. उठली की सगळी आळी जागवते. म्हणून तर स्पीकर बंद, म्हणून तर हेडफोन.

"पण बिघडलं काय, बाबा?" माझ्या मिस्टरांनी विचारलं. यांचं स्टेशनजवळ रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. घरातलं कुठलंही गाऱ्हाणं यांना बिघाडच वाटतं.

"डोमाजी डाव्या कानात जाऊन बसला. पुंडलिक खंजेरी घेऊन उजव्या कानात. मधात कोणीच नाई. अन् डोमाजीकडं पाहाले मान वळवली तं थोही मानेसंगं वळते! असं भजन राह्यते का?"

कॅसेट सेलूच्या भजनी मंडळाची, यांनीच भरून आणलेली. डोमाजी गाणारे, पुंडलिकराव खंजेरीवाले. मधोमध माईक ठेवला असता तर दोघांनीही डोळ्यांनी अंतर मोजलं असतं आणि एक जण नक्की रुसला असता. म्हणून यांनी दोघांना एकेक माईक दिला, अगदी पुढ्यात, आणि एकाचा आवाज नुसत्या डाव्या स्पीकरला, दुसऱ्याचा नुसत्या उजव्या स्पीकरला येईल असा भरला. मंडळ खूश. खोलीत स्पीकरवर लावली तेव्हा मामाजीही खूश होते.

यांनी हेडफोन उचलून एकदा या कानाला, एकदा त्या कानाला लावून पाहिला. मग मला हळूच म्हणाले, "खोलीत डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालेबी जाते. डोक्याले वळसा घालून. जरा कमी, जरा बोथट, जरासा मागून. याच्यात थो जातच नाई. आपणच रस्ता करून देऊ."

साबणाच्या रिकाम्या डबीत यांनी रेझिस्टन्स आणि कंडेन्सर मांडले. मी वायरी धरून बसले, हात इकडे आणि कान झोळीकडे. यांनी कथलाचा डाग दिला की चर्र व्हायचं. झालं, उठली! पण नाही, आत सामसूम.

मामाजींनी हेडफोन पुन्हा घातला आणि लगेच तोंड वाकडं केलं.

"आता दोघंही माया नाकावर बसले. एकमेकाच्या मांडीवर."

"जास्त मिसळलं," हे म्हणाले.

"काऊन रे, तू रेडिओ दुरुस्त करतं का वरण घोटून राह्यला?"

"थांबा ना, बाबा. कमी करतो."

एक रेझिस्टन्स निघाला, त्याच्या जागी त्याहून मोठा बसला. पुन्हा डाग, पुन्हा चर्र.

मामाजींनी हेडफोन परत कानांवर चढवला. मघापासून भिरभिरणारी मान थांबली. पाठ सरळ झाली. त्यांनी मांडी घातली, डोळे मिटले. त्यांचा हात चटईवर झांज शोधत फिरला. झांज सेलूला राहिलेली. मग त्या हाताला माझं मनगट सापडलं आणि त्याच्यावर ठेका सुरू झाला.

यांनी भुवया उडवून विचारलं, कसं?

मामाजींना ते दिसलं नाही. त्यांनी मोकळ्या हाताने खिडकीकडे बोट केलं, जिथे नुसती पाण्याची घागर होती, आणि सेलूच्या देवळात आरोळी द्यावी तसे ओरडले,

"अरे डोमाजी! पळू नको ना बे! पुंडलिकले तं येऊ दे!"

कान झाकलेले, त्यामुळे आपला आवाज केवढा निघाला याचा त्यांना पत्ताच नाही. हे तोंडावर हात दाबून हसताहेत, खांदे गदागदा हलताहेत. मी उठायला गेले, तर मामाजींनी मनगट आणखी घट्ट धरलं.

"बस, सूनबाई! आता कुठं रंग भरून राह्यला! अन् वासुदेव, लेका, उद्याच्या यष्टीनं त्या दोघायलेच इकडं बोलाव. त्यायले सांग, मी काही येत नाई."

आता मी हलले तर ठेका तुटेल, मामाजी डोळे उघडतील, आणि हे सगळं जमलेलं मोडेल. यांचं हसू काही आवरत नाही. तुम्ही माझी गोष्ट ऐकता ऐकता आतल्या दाराशीच आलात, म्हणून सांगते. जरा डोकावून बघता का? चपला काढून जा. झोळी हलतेय का, तेवढंच बघा. बोलू मात्र नका, तिथूनच मान हलवा, मला कळेल.