पायाशी लावलेला पिंपळ

"हा फार न्यायी कलेक्टर होता," पर्यटकांना इंग्रजांची जुनी दफनभूमी दाखवणारा गाईड एका थडग्याकडे बोट करत म्हणाला. मग झाडलोट करणाऱ्या सरुबाईकडे वळला. "मावशी, सगळ्या थडग्यांवरची रोपं उपटता, मग साहेबाच्या पायाशी हा पिंपळ कसा राहिला?"

"पिंपळ तोडला तर पाप लागतं, दादा."

"आणि परवा चार उपटलेत ते?"

"ते लहान होते, बोलले नाहीत."

माणसं हसत पुढं गेली. सरुबाईनं थडग्याच्या चिरेत कळशीभर पाणी ओतलं. फाटकाबाहेरच्या पिंपळावर याच साहेबानं तिच्या पणज्याला बिनचौकशी फाशी दिलं होतं. त्याच झाडाचं हे रोप तिनं लावलेलं. त्याचं मूळ थडग्याचा दगड फोडत साहेबाच्या डोक्याकडे सरकत होतं.

"पी रे, बाळा," ती पुटपुटली. "छातीपर्यंत आलास. गळा आता वीतभरच राहिला."