मालनबाईंचं सॅलड

आप्पासाहेबांनी सकाळीच बजावलं होतं की जेवण साधं हवं. प्रांतसाहेब दुष्काळाची पाहणी करायला येणार होते. तळण नको, गोड नको, तुपाची धार तर मुळीच नको. घरात दुष्काळ दिसला पाहिजे. मालनबाईंनी नवऱ्याचं म्हणणं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि सॅलड करायला घेतलं.

"यात शिजवायचं काहीच नाही," त्या स्वयंपाकाच्या छबूबाईला म्हणाल्या. "तेल नाही, फोडणी नाही. याच्याहून साधं काय असणार?"

छबूबाईनं विळी पुढं ओढली. बारा वर्षं ती या घरात भाकरी थापत होती. मालनबाईंच्या डोक्यात काय शिजेल याचं नवल करणं तिनं केव्हाच सोडून दिलं होतं. पुण्याच्या बहिणीनं एक मासिक पाठवलं होतं, त्यातलं रंगीत चित्र डब्याला टेकवून मालनबाई उभ्या होत्या आणि बोटानं दाखवत होत्या. पेरूच्या फोडी चित्रातल्यासारख्या पातळ हव्यात. गाजर किसायचं नाही, चकत्या करायच्या. अक्रोड बत्त्यानं फोडायचे, पण चुरा होता कामा नये. संत्र्याच्या एकेका फोडीचं साल सोलायचं, बी काढायची. एवढं झालं की वरून डाळिंबाचे दाणे, म्हणजे साधेपणा पुरा झाला. कोशिंबीर कशात काढू, असं छबूबाईनं विचारलं तेव्हा मालनबाईंनी तिला दोनदा सॅलड म्हणायला लावलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पानांना. कुरळी, पोपटी पानं. त्यांचं बीसुद्धा पुण्याचं. मालनबाईंनी परसातल्या वाफ्यात हौसेनं लावलेलं. छबूबाईनं पानं एका पाण्यातून काढली, दुसऱ्या पाण्यातून काढली. तिसरं पाणी घे, असं मालनबाई म्हणाल्या. साहेबांच्या दाताखाली मातीची कच आली तर काय वाटेल त्यांना? तिसरी बादलीही मोरीत गेली. वस्तीवरच्या बाया या वेळी दोन कोसांवरच्या झऱ्याशी बसून वाटीवाटीनं घागर भरत असणार, हे छबूबाईला ठाऊक होतं. मालनबाईंनाही ठाऊक असायला हरकत नव्हती, पण मासिकात ते छापलेलं नव्हतं.

प्रांतसाहेब दुपारी आले ते थेट दुष्काळी खडीच्या कामावरून. भुवयांपर्यंत धूळ, वय कोवळं, बोलणं थोडं. पाटावर बसल्याबरोबर आप्पासाहेबांनी दुष्काळ सांगायला सुरुवात केली. विहीर दसऱ्यालाच आटली, इंजिन काढून ठेवलं, प्यायलासुद्धा बैलगाडीतून पिंप आणावं लागतं. मधूनमधून त्यांचा आवाज भरून येत होता. पिठलं वाढता वाढता छबूबाई ऐकत होती. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. मागच्या निवडणुकीत त्यांनी हाच लावला होता.

मग मालनबाईंनी काचेचं भांडं आणलं, दोन्ही हातांनी, नैवेद्य आणावा तसं. प्रांतसाहेबांनी एक पान उचलून तोंडात टाकलं. ते कुरकुरलं, आणि सगळ्यांना ऐकू आलं. त्यांनी दुसरं पान उचललं, पण खाल्लं नाही. उजेडाकडं धरून बघितलं आणि ही पानं कुठली म्हणून विचारलं.

आप्पासाहेब चटकन म्हणाले की नगरची. काल ट्रकवाल्याकडून मागवली, हिची हौस, दुसरं काय. मालनबाईंचा चेहरा उतरला. आपला वाफा नवऱ्यानं नगरच्या बाजारात जमा करावा, हे त्यांना फार लागलं.

साहेबांच्या हातातलं पान काही खाली येईना. तेव्हा आप्पासाहेब वळले. "काय गं छबू, भाजी कालच आली ना?"

छबूबाईच्या हातात भाकरीची टोपली होती. परसामागच्या विहिरीवर ती दिसू नये म्हणून बाभळीच्या काटेरी फांद्यांचे फास टाकले होते. रोज तिन्हीसांजेला ते बाजूला सारून दोन घागरी घरी न्यायची तिला मुभा होती. त्याबद्दल तोंड मिटून राहायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं, पण तीन महिने तिनं ते पाळलं होतं. तिनं आप्पासाहेबांकडं पाहिलं. ते हसत होते. उत्तर आधीच खिशात असलेल्या माणसाचं ते हसू होतं. बाकी सगळं तिनं गिळलं असतं, ते हसू काही गिळवेना.

"न्हाई साहेब," ती म्हणाली. "आज पहाटं मीच तोडली. मागच्या हिरीचं पानी हाय तिला."

प्रांतसाहेबांनी पान ताटात ठेवलं, हात धुतले आणि विहीर दाखवता का, असं छबूबाईला विचारलं. आप्पासाहेबांना नाही. ती टोपली ठेवून पुढं झाली. मागून आप्पासाहेब सांगत होते की नुसता पाझर आहे, दोन बादल्यासुद्धा निघत नाहीत. फास ओढले जाईपर्यंत ते सांगत राहिले. मग थांबले. खाली पाणी काळंभोर उभं होतं आणि त्यात आभाळाचा एक तुकडा होता.

साहेबांनी जीपमधल्या कारकुनाला बोलावून लिहून घ्यायला सांगितलं. विहीर आजपासून गावासाठी ताब्यात. उद्या रहाट बसवायचा. आप्पासाहेबांनी एकदाच छबूबाईकडं पाहिलं. उद्यापासून ही चूल आपली नाही, हे तिला कळलं. त्याचं तिला फार वाटलं नाही. या घरातल्या भाकरीला चव होती ती तिच्याच हाताची.

मालनबाई परसदारी येऊन उभ्या होत्या, भांडं घेऊन. काय झालं ते त्यांना उमगलं नव्हतं, की उमगून घ्यायचं नव्हतं, कोण जाणे. साहेब पुन्हा पाटावर बसणार आहेत का, असं त्यांनी तिथूनच विचारलं. नाहीतर पानं मलूल होतील.

"न्हाई बसायचे आता," छबूबाई म्हणाली. "द्या ते हिकडं. माझ्या शेळीला घालते. दिवाळीपास्नं तिनं हिरवं पायलं न्हाई."