उरलेला एक

घरात आम्ही दोघंच. माझी बायको शिवणकाम करते. तिच्या मशीनच्या पत्र्यावर ९८२४५१६५३ हा नंबर कोरलेला आहे. मी गणिताचा निवृत्त मास्तर. दोन वर्षं कागद काळे करून मी खात्री केली की ही मूळ संख्या आहे; एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही.

"झालं समाधान? आता बटणं लावा," बायको म्हणाली होती.

तेव्हापासून रोज दुपारचा चहा होईपर्यंत मी ती संख्या तिनाने भागतो. दरवेळी एक उरतो. तो हट्टी एक दिसला की घरात सगळं जागच्या जागी आहे, असं वाटून बरं वाटतं.

आज काहीच उरलं नाही.

पत्र्यावरचे आकडे तेच होते. मी पुन्हा भागाकार मांडला. बाकी शून्य.

"अगं, जरा इकडे ये," मी हाक मारली.

"आलेच," ती हसऱ्या आवाजात म्हणाली आणि ट्रे घेऊन बाहेर आली. ट्रेमध्ये तीन कप होते. एक तिने मला दिला, एक स्वतःला घेतला. तिसरा रिकाम्या खुर्चीपुढे ठेवून ती लाडानं म्हणाली, "नीट ढवळून घे हं. रोज तळाशी साखर उरते तुझी."