दुसरं गाविलगड

“मी नाई जात,” बंडूजी म्हणाले आणि नौदलाचं पत्र त्यांनी मेथीच्या ढिगावर टाकलं.

अंकिताचं तोंड उतरलं. या नातीने सकाळपासून तीनदा ते पत्र मोठ्याने वाचून दाखवलं होतं. ‘गाविलगड’ नावाचं नवं जहाज पुढच्या महिन्यात मुंबईला नौदलात दाखल होणार होतं. त्याच नावाचं जुनं जहाज कधीच भंगारात गेलं. पण जहाज गेलं तरी नाव मरू द्यायचं नाही, असा नौदलाचा रिवाज. जुन्या गाविलगडवरचे जे कोणी हयात आहेत त्यांनी जोडीने यावं, नव्या जहाजावरच्या पोरांना भेटावं, असं कप्तानाने आग्रहाने लिहिलं होतं. बंडूजी त्या जहाजावर अकरा वर्षं स्वयंपाकी होते. नालवाडीत भाजीचा मळा करायला लागूनही त्यांना आता जमाना झाला, तरी वरणाला फोडणी अजून दोनशे माणसांच्या अंदाजाने पडते, अशी घरात त्यांची थट्टा चालायची.

“काऊन नाई जात, आबाजी?”

“ते माह्यं जहाज नोहे म्हणून. माह्यं जहाज तोडलं त्यायनं. आता दुसरं लोखंड आणलं अन् त्याच्यावर तेच नाव लिवलं. नाव लिवल्यानं काई ते गाविलगड होत नाई.”

शेजारी मेथीच्या जुड्या बांधत बसलेल्या त्यांच्या बायकोचा, धुरपताचा, हात थांबला.

धुरपता या घरात दुसरी. पहिली धुरपता बंडूजी समुद्रावर असताना तापाने गेली. निरोप जहाजावर पोचला तोवर इकडे तेरवी होऊन गेली होती. मागे दोन वर्षांचा कैलास. वर्षा-दीड वर्षाने घरच्यांनी बंडूजींचं दुसरं लग्न लावलं. नवरीचं माहेरचं नाव पंचफुला. लग्नात नाव बदलायची वेळ आली तेव्हा सासूने ताटातल्या तांदळात अंगठीने जुनंच नाव लिहायला लावलं. “पोराची माय धुरपता, त धुरपताच राहीन,” म्हणाली. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. एकोणीस वर्षांच्या पंचफुलाला तर कोणी विचारलंच नाही.

नाव अंगवळणी पडलं. रेशनकार्डावर तेच, आधारवर तेच. कैलास तिच्याच हातचं खाऊन मोठा झाला, सेवाग्रामच्या दवाखान्यात नोकरीला लागला, आणि बापाला सांगणार नाही ते अजून तिला सांगतो. सारी नालवाडी तिला धुरपताकाकी म्हणते. एकट्या बंडूजींनी बेचाळीस वर्षांत तिला त्या नावाने हाक मारली नव्हती. ‘कैलासची माय’ म्हणत, नाहीतर नुसतंच ‘आयकते का’. जुन्या माणसांची रीत, असं लोक समजत. पण तिला खरं ठाऊक होतं. त्यांच्या तोंडी ‘धुरपता’ आलं की ते त्या गेलेलीसाठीच. पितृपक्षात अविधवा नवमीला पान वाढलं की ते हळूच म्हणत, “धुरपता, जेव वं,” आणि ही मागे पाण्याचा गडवा घेऊन उभी असायची. नवरा वाईट नव्हता. उणा शब्द कधी बोलला नाही. पण आपण दुसऱ्याच्या पाटावर बसलोय, कोणी ऊठ म्हटलं तर उठावं लागेल, ही धास्ती तिच्या मनातून कधी गेली नाही. आज ‘ऊठ’ म्हटल्यासारखंच झालं.

अंकिता हट्टाला पेटली होती. “पण आबाजी, जुनं जहाज मी कुठी पाह्यलं? त्या पोरायनं तरी कुठी पाह्यलं? आमच्यासाठी हेच गाविलगड.”

“तुमच्यासाठी असन.”

“मंग मी कोण आहो जी?” धुरपता म्हणाली.

आवाज चढला नव्हता. मानही वर झाली नव्हती. बंडूजींना आधी काही उमगलंच नाही. मग उमगलं, आणि चेहऱ्यावरचा सगळा ताठा गळून गेला.

“मी जहाजाचं बोलून राह्यलो,” ते पुटपुटले.

“मीबी तेच बोलून राह्यली.” तिने पुढची जुडी बांधायला घेतली.

बंडूजी उठून विहिरीपर्यंत गेले. काम काही नव्हतं. पहिलीबरोबर त्यांचा संसार चार वर्षांचा, आणि सुट्टीचे दिवस मोजले तर जेमतेम पाच महिन्यांचा. तिच्या मरणाला आपण नव्हतो, म्हणून तिचं नाव तरी कोणाला द्यायचं नाही, एवढंच त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं. त्या धरण्यात कोणाला काय लागतंय, हे त्यांनी कधी वळून पाहिलं नाही. घरातल्या ज्या जहाजाने सगळं आयुष्य पार करून दिलं, त्यालाच आपण आतापर्यंत परकं समजत आलो. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि रडूही आलं.

ते परत आले तेव्हा अंकिता पत्राला लागलेली माती झटकत होती.

“जोडीनं या म्हणते ना थो कप्तान?”

“हो, आबाजी.”

बंडूजींनी घसा साफ केला. “धुरपता, येशीन का मुंबईले?”

ती जुड्या बांधतच राहिली. नवऱ्याला पहिलीची आठवण आली असावी, असं तिला वाटलं. अशा वेळी आपण मधे बोलू नये, हे ती केव्हाच शिकली होती.

बंडूजी तिच्यासमोर मातीत बसले. तिच्या हातातली जुडी त्यांनी काढून घेतली.

“धुरपता,” ते म्हणाले, “तुलेच म्हणून राह्यलो मी.”