निळ्या पट्टीची तपासणी

"घट्ट धरा काका, मान हलू देऊ नका," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी पेनाएवढं यंत्र पेंग्विनच्या डोळ्याला टेकवलं.

काकांनी पंखावर पिवळी पट्टी बांधलेली तरुण पेंग्विन, त्यांची पोर, काखेत धरली होती. बावीस वर्षं ते प्राणिसंग्रहालयातल्या या तळ्यावरचे पेंग्विन सांभाळत होते. या कामात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"डावा वीस, उजवा एकवीस. डोळ्यांचा दाब उत्तम. मोतीबिंदूही नाही." बाईंनी लिहून घेतलं. "आता एकच राहिली ना? निळी पट्टी, तुमची मावशी?"

"आणतो," काका म्हणाले. पोरीला काखेतच घेऊन ते निघाले.

मावशी पलीकडे मासळीच्या खोलीत उभी होती. दोन्ही डोळे पांढरेफटक. काकांनी हाक मारली, की आवाजाच्या रोखाने ती चोच उघडायची, तेव्हा कुठे मासा पोटात जायचा.

दोन वर्षांपूर्वी याच बाई हेच यंत्र घेऊन आल्या होत्या. एक नर आंधळा निघाला आणि आठवड्याच्या आत त्याला सुई टोचून संपवलं. या खेपेची तपासणी कशासाठी, हे काकांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगायला कशाला हवं? ते काही दूधखुळे नव्हते.

गेली खड्ड्यात नोकरी. त्यांनी पोरीच्या पंखावरची पिवळी पट्टी काढली, मावशीची निळी चढवली, दाराआड पाच मिनिटं घालवली आणि तीच पोर पुन्हा टेबलावर आणली.

"आज गप्प आहे," बाई म्हणाल्या. "एरवी चोच मारते ना ही?"

"वय झालं, बाई. दम राहिला नाही आता."

"तुमच्यासारखाच."

"माझा आहे अजून," काका म्हणाले. हसायला मात्र जमलं नाही.

बाईंनी डोळ्यात दिवा मारला. पोरीने पटकन डोळे मिटले. मग यंत्र टेकलं. बाईंनी आकडा पाहिला, मग काकांकडे पाहिलं. काकांनी पोरीची मान सरळ धरून ठेवली.

"डावा एकवीस, उजवा वीस. कमाल आहे. पंचविशी उलटल्यावर असे डोळे?"

"ताजी मासळी घालतो."

बाईंनी कागदावर सही ठोकली. काकांचा जीव भांड्यात पडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी लबाडी केली होती आणि तिची त्यांना तसूभरही लाज वाटत नव्हती.

"चला, बारा भरले," बाई म्हणाल्या. "साहेब तुम्हाला बोलले नसतील. चांगल्या डोळ्यांचे बारा विकलेत. उद्या सकाळी विमानाने जातील, लांब कुठेतरी. अधू डोळ्यांचे दोघं प्रवासाला चालत नाहीत. ते इथेच राहतील, तुमच्याकडे."

काकांचे डोळे सही केलेल्या कागदावर गेले.

"खरं सांगू का काका," बाई यंत्र पुसत म्हणाल्या, "मावशीच्या डोळ्यात एवढीशी खोट जरी सापडली असती, तरी मी तिला तुमच्यापाशीच ठेवणार होते."