बाणावरचं उणे

बाण उलटला होता. स्क्रीनवर दोन वर्तुळं. एकात 'मेट्रनची माया', दुसऱ्यात 'म्हाताऱ्यांचं सुख', आणि मधल्या बाणावर चक्क उणे. गेल्या वर्षी तिथे अधिक होतं. म्हणजे यंदा या वृद्धाश्रमात माया जितकी जास्त, तितकं सुख कमी.

"मला आधीपासूनच शंका होती," मॅनेजर म्हणाला. "पाचपैकी एक-एक मार्क पडलाय बाईंना. सोमवारी घरी बसायचं पत्र देतो."

संशोधन करणाऱ्या मुलीला ते पचेना. तिचं सॉफ्टवेअर तसं लहरी. मनात आलं की एखादं वर्तुळ खाली डोकं वर पाय करून ठेवतं आणि अधिकचं उणे होऊन बसतं. म्हणून तिने म्हाताऱ्यांनी भरलेल्या कागदांवरचा एक प्रश्न खुंटीसारखा ठोकून ठेवला, वर्तुळाने कोलांटी मारायला नको. मग आकडे हजार वेळा ढवळले. हजार वेळा उणेच.

शेवटी तिने कपाटातून ते मूळ कागद काढले. छत्तीस कागद. त्यातल्या एकतीसांवर मेट्रनला दिलेले पाच खोडून एक केलेले. सगळीकडे तीच हिरवी शाई. झोप, भूक, मन रमणं, या प्रश्नांचे पाच मात्र जसेच्या तसे.

तिने मॅनेजरचं टेबल न्याहाळलं. निळं पेन. मेट्रनच्या खिशात एक निळं, एक लाल. पण पेन काय, कुठेही दडवता येतं.

ती हॉलमध्ये गेली. मेट्रन शिंपीण आजीचे केस विंचरत होती आणि दोघी खिदळत होत्या. मुलगी दिसताच हसू बंद. कोपऱ्यातल्या आजोबांनी पेपर तोंडासमोर धरला, तोही उलटा. म्हणजे यांना धाक आहे कोणाचा तरी. पण मेट्रनचा धाक असता तर मार्क वाढले असते. मग मॅनेजरनेच तर नाही ना?

मेट्रन औषधं आणायला गेली. शिंपीण आजीने चष्म्याची डबी उघडली आणि हिरवं पेन घरंगळत मुलीच्या पायाशी आलं.

"आजी, हे कोणाचं?"

"चष्म्याचं."

"आजी."

"बरं, माझं. पण मी कोणाचं काही खोडलं नाही हो. पेन तेवढं फिरवलं. ज्याने त्याने आपापलं खोडलं."

"पण का?"

"तूच म्हणालीस ना कागद वाटताना, की सगळ्या शाखांत जी मेट्रन पहिली येईल तिला मोठ्या शाखेत नेणार? तू चहा प्यायला गेलीस, तेवढ्यात आमचं ठरलं."

"आणि ज्यांनी खोडलं नाही ते पाच जण? त्यांनी तर तीन दिलेत."

"त्यांना झोप लागत नाही, जेवण जात नाही. ताई राहिली काय, गेली काय. त्या पाचांनीच खरं लिहिलंय बघ."

मुलीला हसू फुटलं. ज्यांचं सुख मेट्रनमुळे, त्यांनीच तिला पाडलं होतं. उणे कुठून आलं ते कळलं. मग तिला सोमवार आठवला आणि हसू ओठांवरच सुकलं.

"आजी, मार्क कमी पडले म्हणून ताईंना कामावरून काढताहेत."

आजीचा हात डबीवरच थांबला. कोपऱ्यातला पेपर हळूच खाली आला. मग आजीने चष्मा लावला, हिरव्या पेनाचं टोपण काढलं आणि कोऱ्या कागदासाठी हात पुढे केला.

"मग पोरी, नेणारही नाहीत आणि काढणारही नाहीत, असे मार्क किती होतात तेवढं सांग."